फळ्यावरचे पूर्ण नाव

सोलापूर,
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

श्रीमती केराबाई यांना नमस्कार.

‘दि. १ डिसेंबर २००८ रोजी मुख्याध्यापक हत्तुरे सरांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या एका भगिनीला शाळेत आमंत्रित केले आणि टाळ्यांच्या कडकडाटात तिचे स्वागत झाले.’ हे वाक्य आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत छापले जाणार आहे. वाक्य एक आहे, चुका चार आहेत. वर्ष २००७ होते. तारीख १५ डिसेंबर होती. शनिवार, सकाळची शाळा. तुम्हाला बोलावणारा मी नव्हतो. ती कल्पना विज्ञानाच्या येमुल बाईंची. मी केवळ परवानगी दिली, तीही त्यांनी दुसऱ्यांदा विचारल्यावर. आणि टाळ्या वाजल्या नाहीत. आठवी-नववीची एकशे चाळीस मुले गप्प बसून होती. त्या शाळेत मी बत्तीस वर्षे काढली, पण कोणी ओरडल्याशिवाय मुले इतकी गप्प बसलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती आणि नंतरही पाहिली नाहीत.

लेख ऋतुराजचा आहे. तो तेव्हा नववीत होता, आता स्मरणिकेचा संपादक आहे. मुलगा गुणी आहे, फक्त त्याला जे घडायला हवे होते तेच घडले असे आठवते. मुद्रणापूर्वी सर्व पाने तपासण्याचे काम माझ्याकडे आले आहे. पंचाहत्तरीनंतर माझ्याकडे एवढेच काम उरले आहे आणि ते मला येते.

या चार चुका मी लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत. पत्र लिहीत आहे ते पाचव्या चुकीसाठी, कारण तिला तुमच्यावाचून हात लावता येत नाही. पृष्ठ २७ वर एक छायाचित्र आहे: शाळेच्या फाटकालगतचा फळा. त्यावर माझ्या हस्ताक्षरात ‘आजच्या प्रमुख पाहुण्या’ असे लिहून खाली तुमचे नाव, तुमच्या पतीचे नाव, आडनाव आणि मूळ गाव. अक्षर सतरा वर्षांनंतरही स्वच्छ वाचता येते. स्मरणिका रविवारी, ९ फेब्रुवारीला प्रकाशित होईल. सहाशे प्रती निघतील.

तुमचा पत्ता मला गौसकडून मिळाला. आपल्या शाळेचा शिपाई गौस. तोही आता निवृत्त आहे. तुम्ही माळशिरसला भावाकडे गेलात, पुढे तिथेच घर केलेत, हे त्याला सर्व ठाऊक होते. मी विचारले, ‘मला इतकी वर्षे का सांगितले नाहीस?’ तो म्हणाला, ‘सर, तुम्ही कधी विचारलंच नाही ना.’

तो फळा तुम्हाला आठवत असेल. मला तो रोज आठवतो. शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटली की गौस ओल्या फडक्याने तो पुसायचा, मी वाळायची वाट पाहत कडुनिंबाखाली उभा राहायचो, आणि मग उजव्या खिशातला खडू काढायचो. पाहुणा कोणीही असो, कलेक्टर किंवा टपाल खात्यातला कारकून, त्याचे पूर्ण नाव मी स्वतः लिहीत असे. अर्ध्या नावाने पाहुण्याला बोलावणे म्हणजे त्याला अर्ध्या पाटावर बसवणे, असे मी नव्या शिक्षकांना सांगत असे. येणारे-जाणारे सायकली थांबवून तो फळा वाचत. पूर्व भागातली यंत्रमागावरची माणसे पाळी सुटली की वाचत. मराठी वाचता न येणारेही अक्षर पाहून जात, असे मला वाटे.

येमुल बाई तुम्हाला घेऊन कार्यालयात आल्या तो दिवसही आठवतो. बाई म्हणाल्या होत्या, रुग्णालयाच्या गटातल्या एक ताई आहेत, फार छान बोलतात. दार उघडले आणि मी उठून उभा राहिलो, कारण दारात तुम्ही होतात.

‘तुम्ही?’

‘व्हय गुर्जी. भाकरीवालीच. भाकरी आज आनल्या न्हाईत, आज नुसतंच त्वांड आनलंय.’

दर गुरुवारी आमच्या घरी तुमची कडक भाकरी येत असे. पांढऱ्या धडप्यात बांधलेली चवड, कागदासारखी पातळ, मोडली की पापडासारखा आवाज. सोबत शेंगाचटणीची पुडी. मी ती भाकरी दुधात कुस्करून खात असे आणि माझी पत्नी म्हणे, की व्याकरणानंतर तुम्हाला एवढीच गोष्ट मनापासून आवडते. सहा वर्षे आम्ही तुमची भाकरी खाल्ली. फेब्रुवारी २००८ मध्ये तुम्ही सोलापूर सोडले आणि आमच्या घरी भाकरी येणे बंद झाले.

त्या दिवशी कार्यालयात तुम्ही एकच गोष्ट मागितलीत: ‘गुर्जी, माजं नाव कुटं लिवू नका. माजा मल्हार ल्हान हाय. नुसतं एक बाई म्हना, लई झालं.’ मी ‘बरे’ म्हणालो. तरीही कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी मी पूर्ण नाव लिहिले. ते आदरापोटी लिहिले, हे तुम्हाला कळावे अशी माझी इच्छा आहे.

छायाचित्राचे काय करावे, ते तुम्ही सांगाल तसे होईल. माझा दूरध्वनी क्रमांक खाली आहे. उत्तर पोस्टाने पाठवायचे असल्यास पत्ता लिहिलेले पाकीट जोडले आहे. या पत्राच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचे नाव घातलेले नाही. असे पाकीट मी आयुष्यात प्रथमच टाकत आहे.

आपला,
शिवयोगी मल्लिनाथ हत्तुरे

•

सोलापूर,
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

श्रीमती केराबाई यांना नमस्कार.

काल दुपारी तुमचा फोन आला. फोनवर मला धड बोलता येत नाही; समोर कागद नसला की माझी वाक्ये अर्धवट राहतात. म्हणून आपले बोलणे झाले तसे येथे उतरवून काढतो. कोठे चुकले असल्यास दुरुस्त करावे.

तुम्ही म्हणालात, ‘गुर्जी, वळखलं का? आवाज म्हातारा झालाय माजा.’

मी म्हणालो, ‘ओळखले. पत्र मिळाले का?’

‘मिळालं की. मल्हारनं वाचून दावलं. लई अवगड लिवताव तुमी. पोरगं दोनदा थांबलं, म्हनलं आई, ही परीक्षा हाय का पत्र?’

तुम्ही हसलात. मीही हसलो, पण उशिरा.

मग तुम्ही म्हणालात, ‘एक चूक हाय पत्रात.’

मला खरेच वाटले नाही. ते पत्र मी तीन वेळा वाचून मगच टपालात टाकले होते. मी म्हणालो, ‘कोणती?’

‘मी सोलापूर सोडलं फेब्रुवारीत, ते बराबर हाय. पर तुमच्या घरची भाकर तवा बंद न्हाय झाली. ती डिसेंबरातच झाली. भाषनाच्या फुडल्या गुरवारी. मी दारात उबी हुते, वैनी म्हनल्या, ब्याड. मला कानडी येत न्हाई, पर ‘नगं’ म्हनलेलं तेवढं कळतं. आन् तुमी आत पेपर वाचत बसला हुता. पेपर हालला, तुमी न्हाई हालला.’

तुमच्या मागे कुकरची शिट्टी झाल्याचे मला ऐकू आले.

मग तुम्हीच फोटोचा विषय काढलात. ‘फोटू काढून टाका. मल्हारचं लग्न ठरायलंय, पोरीच्या घरी समदं सांगून झालंय, त्येचं भ्या न्हाई. पर मी सांगितलंय, मी. समोर बसून, च्या पीत. पुस्तकातनं कळाय नगं.’

मी विचारले, तुम्ही अजून शाळांतून बोलता का? तुम्ही म्हणालात, ‘बोलते की. हिकडं दहा-बारा शाळंत बोलले. आता नाव बी सांगते.’

मी म्हणालो, ‘मग छापायला हरकत काय होती?’ हे वाक्य मी म्हणालो याची आज मला लाज वाटते, परंतु म्हणालो ते लिहायलाच हवे.

तुमचे उत्तर मी फोन ठेवताच वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवले: ‘नाव माजं हाय गुर्जी. कुनाला सांगायचं, कवा सांगायचं, किती सांगायचं, ते बी माजंच. तुमी पूर्न लिवलं म्हंजे माजं झालं न्हाई, तुमचं झालं.’

स्मरणिकेत शुद्धिपत्र देणार असल्याचे मी सांगितले. शेवटी तुम्ही विचारलेत, की त्यात मी भाकरीचे लिहिणार का. मी म्हणालो, विचार करतो. तुम्ही ‘करा’ म्हणालात आणि फोन ठेवलात.

तो विचार मी कालपासून करतो आहे. शुद्धिपत्र शाळेच्या इतिहासाचे आहे. आमच्या घरच्या स्वयंपाकघराचे नव्हे, असे माझे एक मन म्हणते. ते मन शुद्ध मराठीत बोलते. म्हणून मी आजवर त्याचे ऐकत आलो.

शि. म. हत्तुरे

•

सोलापूर,
मंगळवार, ४ फेब्रुवारी २०२५

केराबाई,

छायाचित्र काढून टाकले. कसे ते आधी लिहितो.

शनिवारी मी गौसला घेऊन छापखान्यात गेलो. ऋतुराज तेथे होताच. पृष्ठ २७ बदलायचे आहे म्हटल्यावर तो म्हणाला, ‘सर, अख्ख्या अंकाचा जीव त्या फोटोत आहे! तुमचं अक्षर, तो फळा, लोक डोळ्यांत पाणी आणतील.’

मी म्हणालो, ‘त्या फळ्याने एका बाईची चूल बंद पाडली.’

तो हळूच म्हणाला, ‘मला वाटलं होतं, त्या नोकरीसाठी गाव सोडून गेल्या.’

‘असे तुला कोणी सांगितले?’

‘तुम्हीच, सर. दहावीच्या निरोप समारंभात.’

हे मला आठवत नव्हते. पण तो खोटे बोलणारा मुलगा नाही. म्हणजे जी गोष्ट मी त्याच्या लेखात दुरुस्त करायला निघालो होतो, ती त्याला मीच शिकवली होती.

परतताना रिक्षात मी गौसला विचारले, ‘त्या संध्याकाळी तू मला काय म्हणाला होतास?’ तो म्हणाला, ‘जाऊ द्या ना सर, किती वर्षं झाली.’ मी आग्रह धरला. तेव्हा तो म्हणाला, ‘मी बोललो होतो, बाई नको बोलल्या ना सर, पुसून टाकू काय? तुम्ही बोलले, शाळेने लिहिलेलं शाळेने पुसायचं नसतं.’ मग तो थोडा हसला. ‘तेव्हा फडकं माझ्या हातातच होतं, सर. ओलं होतं. मीच पुसून टाकायला पाहिजे होतं. नोकरीला घाबरलो.’ फडके त्याच्या हातात होते, आज्ञा माझी होती. हे त्याने स्वतःकडे घेऊ नये, असे मी त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘मी भाकरी तर शेवटपर्यंत घेतली. दात गेले दोन, पण घेतली.’

आता जे तुम्हाला ठाऊक नाही ते.

आदरापोटी लिहिले, असे मी पहिल्या पत्रात म्हटले. ते अपूर्ण आहे. तुमचा कार्यक्रम मुळात १ डिसेंबरला, एड्स दिनीच ठरला होता. पालकांचे तीन अर्ज आले, असल्या गोष्टी मुलांसमोर नकोत म्हणून, आणि मी कार्यक्रम दोन आठवडे पुढे ढकलला. येमुल बाईंना कारण सांगितले क्रीडास्पर्धांचे. बाईंनी दुसऱ्यांदा विचारले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मला माझी भीती दिसली. ती मला झोंबली. म्हणून त्या शुक्रवारी मी नेहमीपेक्षा मोठे अक्षर काढले. हत्तुरे घाबरत नाही, हे मला रस्त्याला दाखवायचे होते, आणि ते दाखवायला मी तुमचे नाव वापरले. शनिवारी तुम्ही बोलून गेलात, रविवारी सुट्टी, म्हणून सोमवार सकाळपर्यंत फळा तसाच राहिला. अडीच दिवस. तुमच्या भाकरीची सगळी गिऱ्हाइके त्याच रस्त्याने ये-जा करत.

ते भाषण मात्र मला शब्दशः आठवते. मुलांनी प्रश्नांच्या चिठ्ठ्या खोक्यात टाकल्या होत्या आणि मी एकेक वाचत होतो. एका चिठ्ठीत होते, ‘तुम्हाला मरणाची भीती वाटते का?’ तुम्ही पदर सारखा केलात आणि म्हणालात, ‘आदी वाटायची. आता गोळ्या हायत, रोज घेते. आता मला मरनापेक्षा घरमालकाचं ज्यास्त भ्या वाटतं.’ मागच्या बाकावरून एक हसू फुटले, मग सगळी मुले हसली. मग कोणी तरी विचारले, हा आजार तुम्हाला कोणामुळे झाला? मी ती चिठ्ठी बाजूला ठेवत होतो. तुम्ही म्हणालात, ‘वाचा गुर्जी, ठिवू नका.’ आणि मुलांना म्हणालात, ‘लेकरांनो, पडलेल्या मानसाला कुनी पाडलं इचारायच्या आदी हात द्यायचा असतो. मग इचारा. सांगीन.’ त्यानंतर कोणी विचारले नाही. पहिल्या पत्रात मी सांगितलेली शांतता ती हीच. ऋतुराजला तेथे टाळ्या ऐकू आल्या, याबद्दल मी त्याला फार दोष देत नाही.

समारोप मी केला. जेवणाने, स्पर्शाने, एका ताटात खाल्ल्याने हा आजार पसरत नाही, असे एकशे चाळीस मुलांना मी खणखणीत आवाजात सांगितले. उदाहरण म्हणून काय दिले, आठवते? भाकरीचे दिले. ‘मी स्वतः यांच्या हातची भाकरी खातो,’ असे म्हणालो. वर्तमानकाळ वापरला होता.

पुढच्या गुरुवारी तुम्ही दारात होतात आणि मी वर्तमानपत्राआड होतो. माझी पत्नी ‘ब्याड’ म्हणाली. ती आज हयात नाही आणि हा दोष मी तिच्या नावावर लिहिणार नाही. तिने कार्यक्रमापूर्वीची भाकरी डब्यात होती तीही बाहेर काढली आणि दुपारी गाईला घातली. मी ते पाहिले. पाहिले आणि पान उलटले. एक शब्द बोलण्याचे काम होते आणि शब्द हा माझा व्यवसाय होता.

हे तुम्हाला सांगून मी क्षमा मागत आहे, परंतु तिच्यासाठी उत्तर मागत नाही. ते तुमच्याकडेच असू द्यावे.

गौस सांगतो, माळशिरसकडेही तुमची भाकरी खपते. तुम्ही ज्वारी अजून स्वतःच निवडता. माझ्या दातांना ती आता सोसणार नाही. दुधात दोन तास भिजवावी लागेल. तरी एका चवडीची विनंती करण्याचे धैर्य मी मनात जमवत आहे. जमले की लिहीन.

आता रविवारचे. शाळेच्या नव्या मुख्याध्यापिकांना तुम्ही यावे असे वाटते. नववीचा वर्ग तयार आहे, चिठ्ठ्यांचे खोके तेच आहे. यावे की न यावे, हे तुम्ही पाहा. आमंत्रण त्यांचे आहे, माझे नाही. तुम्हाला बोलावण्याचे श्रेय मी पुन्हा घेणार नाही. फळा अजून फाटकालगत आहे. शनिवारी संध्याकाळी गौस तो ओल्या फडक्याने पुसेल. मी कडुनिंबाखाली उभा असेन, पण लिहिणार काही नाही. खडू फळ्याच्या कठड्यावर ठेवून घरी जाईन. तो कोणी उचलावा, उचलावा की नाही, आणि काय लिहावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

खाली शुद्धिपत्र जोडले आहे. पृष्ठ २७ वर छायाचित्राच्या जागी हे जाईल. यात एक ओळ अपुरी आहे. ती मी अपुरी ठेवली आहे. माझ्या हातून गेलेला हा पहिला अपुरा मजकूर. कोणी चूक म्हटले तर म्हणू द्यावे. यातले काही छापायला नको असल्यास गुरुवारपर्यंत गौसला कळवावे, मी काढीन. शेवटची नोंद मात्र ठेवावी अशी माझी विनंती आहे.

शिवयोगी

शुद्धिपत्र

१ डिसेंबर २००७, शनिवार. ठरलेला कार्यक्रम झाला नाही. तो मुख्याध्यापकांनी पुढे ढकलला. कारण क्रीडास्पर्धा नव्हे, भीती.

१४ डिसेंबर २००७, शुक्रवार, सायंकाळ. मुख्याध्यापकांनी फाटकालगतच्या फळ्यावर पाहुण्यांचे पूर्ण नाव लिहिले. पाहुण्यांनी तसे न करण्यास सांगितले होते. शिपाई गौस यांनी पुसण्याची तयारी दाखवली. मुख्याध्यापकांनी नकार दिला.

१५ डिसेंबर २००७, शनिवार, सकाळ. एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीचे शाळेतील पहिले भाषण. वर्ष २००८ नव्हे. निमंत्रक: श्रीमती रुपाली येमुल, विज्ञान शिक्षिका. टाळ्या नाहीत, शांतता. वक्त्या:

१७ डिसेंबर २००७, सोमवार, सकाळ. फळा पुसला.

१० फेब्रुवारी २००८, रविवार. वक्त्यांनी सोलापूर सोडले. नोकरीसाठी नव्हे. त्यांच्या हातची भाकरी घेणारे शहरात एकच घर उरले होते.

२० डिसेंबर २००७, गुरुवार. ही नोंद क्रमाने वर हवी होती. सर्वांत शेवटी लिहिली गेली, म्हणून शेवटी ठेवली आहे. मुख्याध्यापक हत्तुरे यांच्या घरी भाकरी घेणे या दिवशी बंद झाले. दि. १७ जानेवारी २०२५ च्या पत्रात ही तारीख फेब्रुवारी २००८ अशी दिली होती. ती चूक होती. मुख्याध्यापक घरी होते.